निरोगी बाळाची लघवी कॅन्सरसाठी तपासावी का?

सावंतवाडीकडच्या एका आईने विचारलंय. तिची मुलगी पाच महिन्यांची आहे. मामेभावाचा मुलगा दोन वर्षांपूर्वी न्यूरोब्लास्टोमा नावाच्या कॅन्सरने गेला, तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. ‘उशिरा कळलं म्हणून गेला’ असं घरात सगळे म्हणतात. आता डोंबिवलीच्या नणंदेने मोबाईलवर एका लॅबच्या पॅकेजची जाहिरात पाठवली आहे: बाळाच्या लघवीचा नमुना द्या, हाच कॅन्सर लक्षणं दिसायच्या आधी ओळखा. जपानमध्ये म्हणे प्रत्येक बाळाची अशी तपासणी व्हायची. करून घेऊ का?

आधी सरळ उत्तर देतो: नको. मुलगी अंगावर नीट पिते आहे, वजन वाढतंय, पोट मऊ आहे, हातपाय झाडते आहे, तर ही तपासणी करू नका. पैसे फुकट जातील म्हणून नको म्हणत नाहीये. कोकणात माणूस आंब्याच्या एका पेटीवर याहून जास्त उडवतो. या तपासणीने निरोगी बाळाचं भलं व्हायच्या ऐवजी नुकसान व्हायची शक्यता जास्त, म्हणून नको. आणि हा माझ्या मनचा अंदाज नाही. जगात लाखो बाळांवर हे करून झालेलं आहे.

नणंदेने सांगितलेली जपानची गोष्ट खोटी नाही. फक्त अर्धी आहे.

न्यूरोब्लास्टोमा हा आपल्या शरीरातल्या ‘सिम्पथेटिक’ मज्जासंस्थेच्या अपरिपक्व पेशींचा कॅन्सर. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते, बऱ्याचदा तिथून सुरू होतो. कधी पाठीच्या कण्याच्या बाजूने, छातीत किंवा मानेतही. साधारण सात ते दहा हजार जन्मांमागे एका मुलाला होतो, आणि बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली असतात. या पेशी अ‍ॅड्रिनॅलिनच्या घराण्यातली रसायनं तयार करतात. ती शरीरात मोडली की व्हीएमए आणि एचव्हीए असे दोन पदार्थ लघवीतून बाहेर पडतात. आजार असलेल्या दहातल्या जवळपास नऊ मुलांच्या लघवीत यांचं प्रमाण वाढलेलं सापडतं. सुई नाही, रक्त नाही, दुपट्यावरची लघवी पुरते. मग सगळ्याच बाळांची का तपासू नये, हा विचार कुणाच्याही मनात येईल. मी निवासी डॉक्टर होतो तेव्हा माझ्याही आला होता.

जपानी डॉक्टरांच्या मनात तो १९७० च्या दशकात आला. क्योटोमध्ये सुरुवात झाली आणि १९८४-८५ पासून देशभर सहा महिन्यांच्या बाळांची तपासणी होऊ लागली. आईने लघवीत भिजवलेला गाळणकागद वाळवायचा आणि पोस्टाने पाठवायचा, इतकं सोपं. निकाल पाहून सगळे हरखले. भराभर गाठी सापडू लागल्या. त्याही लहान, लवकरच्या अवस्थेतल्या. ऑपरेशन केलेली मुलं जवळजवळ सगळी वाचली. एवढं यश कॅन्सरच्या कुठल्या तपासणीला मिळालं असेल?

पण काही वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट जमेना. लवकर पकडलेली मुलं वाचत असतील, तर एक वर्षानंतर पसरलेल्या अवस्थेत येणारी मुलं तेवढ्याने कमी व्हायला हवीत. ती फारशी कमी झाली नाहीत. वाढली होती ती एक वर्षाखालच्या रुग्णांची संख्या. म्हणजे जे रुग्ण पुढे येणार होते त्यांना आधी गाठलेलं नव्हतं, नवेच रुग्ण तयार केले होते.

हे नीट तपासायचं तर तपासणी केलेला प्रदेश आणि न केलेला प्रदेश एकाच वेळी शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवेत. ते कॅनडात आणि जर्मनीत झालं. क्युबेक प्रांतात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत जन्मलेल्या ४,७६,६५४ बाळांसाठी योजना होती, एकदा तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या महिन्यात लघवी. तिथे न्यूरोब्लास्टोमाचे रुग्ण अपेक्षेच्या दुपटीहून जास्त निघाले, मृत्यू मात्र घटले नाहीत. जर्मनांनी विचार केला की सहा महिने हे वय फार लवकरचं असेल, आपण एक वर्षाला तपासू. १९९५ ते २००० या काळात सहा राज्यांतल्या १४,७५,७७३ मुलांची तपासणी झाली. त्यातून १४९ जणांना कॅन्सर सापडला, त्यांपैकी ३ दगावले. हा आकडा एकटा वाचला तर कुणीही टाळ्या वाजवेल. पण ज्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला होता अशा ५५ मुलांना पुढे हाच कॅन्सर झाला आणि त्यातली १४ गेली. पसरलेल्या, चौथ्या अवस्थेच्या आजाराचं प्रमाण तपासलेल्या मुलांत लाखामागे ३.७ होतं आणि न तपासलेल्या भागात ३.८. मृत्यू लाखामागे १.३ आणि १.२. एवढा खटाटोप करून फरक शून्य.

दोन्ही अभ्यास २००२ च्या एप्रिलमध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, जपानने आपला राष्ट्रीय कार्यक्रम थांबवायचं ठरवलं. एवढी वर्षं अभिमानाने चालवलेली योजना सरकारने पुराव्यापुढे मान तुकवून बंद करणं ही क्वचित घडणारी गोष्ट. मला त्याचं कौतुक वाटतं. जाहिरातीत ‘जपानमध्ये करत’ एवढंच येतं. ‘बंद का केलं’ ते येत नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की २००८ मध्ये जपानी संशोधकांनी जुन्या नोंदी तपासून, सुधारित पद्धतीच्या काळात मृत्यूदर कमी झाला होता असा दावा केला. पण त्यांनी तुलना केली ती वेगवेगळ्या सालांत जन्मलेल्या मुलांची. मधल्या काळात उपचारही सुधारले होते. शेजारी शेजारी ठेवून केलेल्या दोन अभ्यासांपुढे मला तो दावा तोकडा वाटतो, आणि त्यावरून कुठे नव्याने योजना उभी राहिली नाही.

हे असं का होतं, ते आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला समजावणं सोपं आहे. रापण ओढताना पाहिलीच असेल तुम्ही. सकाळी जाळं ओढलं की त्या वेळी किनाऱ्यालगत जे रेंगाळत असतं तेच हाती लागतं. बांगड्याचा थवा अर्ध्या तासात येऊन निघून गेला तर तो काल नव्हता, आज नाही, उद्याही सापडणार नाही. सहाव्या महिन्यात एकदा घेतलेली लघवी ही अशीच एक ओढ. महिनोन्‌महिने हळूहळू वाढणाऱ्या किंवा नुसत्याच बसून राहिलेल्या गाठी तीत सापडतात. दोन वर्षांच्या वयात उद्भवून काही आठवड्यांत हाडांपर्यंत पोचणारी गाठ त्या दिवशी जाळ्यात नसतेच.

आणि या आजाराचं वेगळेपण त्याहून पुढचं आहे. एक वर्षाखालच्या बाळांतला न्यूरोब्लास्टोमा पुष्कळदा आपोआप विरतो. औषध नाही, ऑपरेशन नाही, गाठ आकसत जाते आणि नाहीशी होते. काही बाळांत तर यकृतात आणि कातडीखाली पसरलेला आजारसुद्धा मागे फिरतो. पहिल्यांदा असं बाळ पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. १९६३ मध्येच दोन अमेरिकन रोगनिदानतज्ज्ञांनी दाखवलं होतं की इतर कारणांनी दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या अ‍ॅड्रिनलमध्ये अशा पेशींचे बारीक पुंजके सापडतात. प्रत्यक्ष आजार होतो त्याच्या कितीतरी पट जास्त बाळांत. म्हणजे बहुतेकांचे पुंजके कुणाला न कळता जिरून जातात. सगळा मोहोर फळ धरत नाही, तसंच.

पेशींच्या पातळीवर पाहिलं तर हे जवळजवळ दोन वेगळे आजार आहेत. तपासणीत सापडणाऱ्या गाठींत बहुधा गुणसूत्रांची संख्याच वाढलेली असते, आणि त्या सौम्य वागतात. मोठ्या मुलांतल्या वाईट गाठींत गुणसूत्रांचे तुकडे गळालेले असतात किंवा एमवायसीएन नावाच्या जनुकाच्या ढिगाने प्रती झालेल्या असतात. पहिल्या प्रकारची गाठ वाढून दुसऱ्या प्रकारची होते असं दिसत नाही. त्यामुळे ‘लवकर पकडलं’ या शब्दांना इथे अर्थच उरत नाही. पकडलं ते एक, मारणार होतं ते दुसरं.

एकदा गाठ सापडली की कुठला बाप गप्प बसेल? ऑपरेशन होतं. मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली गाठ सोडवताना रक्तस्राव होतो, कधी मूत्रपिंड गमवावं लागतं. काही बाळांना केमोही दिली गेली. आपोआप जाणाऱ्या गाठीसाठी. आता शहाणपण आलंय. अमेरिकेत सहा महिन्यांखालच्या, अ‍ॅड्रिनलमध्ये लहान गाठ असलेल्या ८३ बाळांना नुसतं सोनोग्राफी आणि लघवीच्या तपासण्यांवर लक्ष ठेवून सांभाळलं. शेवटी ऑपरेशन लागलं ते १६ जणांना, आणि तीन वर्षांनी सगळी जिवंत होती. पण त्या तीन महिन्यांत, सहा महिन्यांत, वर्षभरात आईवडिलांच्या जिवाचं काय होतं ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

गाठ नसली तरी सुटका नाही. माझाच एक अनुभव सांगतो, आणि त्यात चूक माझीही होती. पंधराएक वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याकडच्या एका सात महिन्यांच्या मुलाचं असंच पॅकेज आजोबांनी हौसेने करवलं. रिपोर्ट आला: व्हीएमए जास्त, आकड्याच्या पुढे ठळक खूण. आईने रडत फोन केला, मी आकडा ऐकला आणि ‘मुंबईला दाखवून घ्या’ म्हणून मोकळा झालो. रात्रीच्या गाडीने ती माणसं निघाली. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, हे नॉर्मल प्रमाण कुणाचं छापलंय? मोठ्या माणसाचं होतं. लघवीतलं व्हीएमए क्रिएटिनिन या लघवीतून नेहमीच बाहेर पडणाऱ्या पदार्थाच्या तुलनेत मोजतात, आणि तान्ह्या बाळाच्या लघवीत मुळातच क्रिएटिनिन कमी असतं. त्यामुळे बाळाचं नॉर्मल गुणोत्तर मोठ्या माणसाच्या दोन-तीन पट असतं. मुलाच्या वयाला तो आकडा अगदी बरोबर होता. सोनोग्राफी साफ, दुसरा नमुना साफ. कागद मी स्वतः आधी मागवून पाहिला असता तर तो प्रवास टळला असता. पुढे वर्षभर ती माऊली दिवसातून चार वेळा पोराचं पोट चाचपायची. शेवटी आजीने तिला दम भरला.

जुन्या, रंग पाहून ठरवायच्या पद्धतीत तर केळं आणि व्हॅनिला घातलेले पदार्थसुद्धा घोळ करत. आपल्याकडे सहाव्या महिन्यानंतर बाळाला शिकरण भरवायची पद्धत आहेच. नव्या यंत्रांवर हा त्रास बराच कमी झालाय, तरी कुठलाही नमुना देताना बाळाने काय खाल्लं आणि कुठलं औषध चालू आहे हे सांगावं.

आकड्यांत पाहा. समजा एक लाख निरोगी बाळं तपासली आणि तपासणी इतकी चांगली आहे की दोनशेतल्या एकालाच खोटी घंटा वाजते. तरी पाचशे घरं झाली. मंडणगडापासून दोडामार्गापर्यंतची पाचशे घरं, तान्ही बाळं घेऊन मुंबईच्या रस्त्याला. त्या लाखात हा आजार खरोखर होणारी मुलं दहा-पंधरा, आणि त्यातली ज्यांना धोका आहे ती बहुतेक त्या दिवशी जाळ्याबाहेर.

आता दुसरी बाजू. हीच लघवीची तपासणी आजाराचा संशय असलेल्या मुलात फार उपयोगी आहे. तिथे मी ती मागतो आणि लवकर मागतो. बाळाला चिकटपट्टीची लघवीची पिशवी लावायची, नमुना लॅबने सांगितल्याप्रमाणे आम्ल घालून थंड ठेवायचा, मुंबईला पाठवायचा असेल तर बर्फात. मे महिन्यातल्या आपल्या उकाड्यात हे विसरलं तर रिपोर्टला अर्थ राहत नाही. पण तिचा निकाल यायची वाट पाहत सोनोग्राफी थांबवायची नाही.

मग संशय केव्हा घ्यायचा? इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या पोटातल्या गाठींपैकी कितीतरी कुणा डॉक्टरने शोधलेल्या नव्हत्या. तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या हातांना त्या लागल्या. कुडाळच्या एक मावशी, तीसेक वर्षं बाळंतिणीची आणि बाळाची कामं करणाऱ्या, दीड वर्षाच्या एका पोराला आईसोबत माझ्याकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, न्हाणयताना हाताक कायतरी कडक लागता. आदी नाय होता.” हे ‘आदी नाय होता’ फार मोलाचं. घरच्यांना तोवर वाटत होतं की पोट जंतांमुळे मोठं आहे. मावशींचं म्हणणं खरं निघालं, आणि त्या पोराचे उपचार वेळेत सुरू झाले.

तेव्हा पोटात कडक, न हलणारं काही लागलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि एकदा लागलं की पुन्हा पुन्हा दाबू नका, घरात चार जणांना चाचपायला देऊ नका, चोळणं तर बंदच. मूत्रपिंडाची गाठ, जिला विल्म्स म्हणतात, ती दाबाने फुटू शकते. बाकीची लक्षणं दिसायला साधी असतात म्हणून फसवतात. चालणारं मूल लंगडायला लागलं किंवा ‘पाय दुखतात’ म्हणून उचलून घ्या म्हणू लागलं, पडल्याचं कुणाला आठवत नाही आणि आठवड्यात बरं होत नाही. मार न लागता डोळ्यांभोवती काळंनिळं झालं किंवा एक डोळा पुढे आला. अंगावर निळसर गुठळ्या. पाय लुळे पडू लागले, शी-शूचं ताळतंत्र बिघडलं, तर तो तासांचा मामला आहे, मणक्यावर दाब असू शकतो. डोळ्यांची बुबुळं नाचल्यासारखी सगळीकडे भिरभिरू लागली आणि अंगाला झटके, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळा, माझी हरकत नाही, पण ओवाळून झाल्यावर लगेच निघा. बारीक ताप, फिकटपणा आणि वजन न वाढणं ही लक्षणं शंभर आजारांत असतात. ती इतर कशासोबत आली तर विचार करायचा.

लघवीचा विषय नाही, तरी मोबाईल हातात आहे म्हणून सांगतो. गणपतीत सगळे मुंबईकर जमतात, फ्लॅशने बाळाचे फोटो निघतात. एका डोळ्यात लाल ऐवजी पांढरी चमक पुन्हा पुन्हा दिसली, किंवा बाळ तिरळं पाहतंय असं वाटलं, तर डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. डोळ्याच्या पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर असा फोटोत ओळखला गेलेला आहे. एखाद्या फोटोत कोनामुळेही तसं दिसतं, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण विसरूही नका.

तुमच्या घरात एक मूल गेलंय म्हणून तुमच्या मुलीला जास्त धोका आहे का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण त्याचीच भीती तुम्हाला आहे. हा आजार घराण्यात चालतो तो शंभरात एक-दोन रुग्णांत, आणि तिथे बहुधा आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला तो झालेला असतो. एएलके किंवा पीएचओएक्स२बी या जनुकांतला दोष त्यामागे असतो. असा दोष सापडलेल्या मुलांना जन्मापासून सहा वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि हीच लघवीची तपासणी करावी असा सल्ला आहे, पुढे दहा वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. एक ओढ नव्हे, सतत पहारा, तोही धोका माहीत असलेल्या मुलावर. मामेभावाचा मुलगा हे नातं त्यात बसत नाही. घरात आणखी कुणाला लहानपणी असा आजार झाला असेल तर मात्र मला सांगा, मग वेगळं बोलू.

तपासणीचे पैसे ठेवा. नवव्या महिन्याच्या लसीला आणाल तेव्हा मी पोट नेहमीसारखं पाहीनच. कधी गरज पडलीच तर इथून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ आहे आणि मुंबईला परळचं टाटा हॉस्पिटल, तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरलं की टॅक्सीच्या अंतरावर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवायचं. हे तुमच्यासाठी नाही, शेजारीपाजारी कुणाला लागलं तर माहीत असावं म्हणून.

राहिलं तुमच्या मामेभावाचं घर. ‘उशिरा कळलं’ हे वाक्य त्या वहिनीच्या कानावर रोज पडत असणार. वाईट प्रकारचा न्यूरोब्लास्टोमा आजही, सगळे उपचार करून, निम्म्याच मुलांना सोडतो. तिला भेटाल तेव्हा माझ्या नावाने एवढं सांगा: तो सहा महिन्यांचा असताना लघवी तपासली असती, तर रिपोर्ट बहुधा नॉर्मलच आला असता.